आभा क्रमांक: आरोग्याच्या नोंदी ऑनलाइन ठेवताना घ्यायची काळजी

रक्ततपासणीचा अहवाल, एक्स-रे, औषधांची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड हे सगळे कागद वर्षानुवर्षे सांभाळणे कठीण असते. सोलापूरहून कामासाठी हैदराबादला गेलेल्या रुग्णाची फाईल गावीच राहिली, तर तिथल्या डॉक्टरांना जुना आजार कळत नाही आणि तपासण्या नव्याने कराव्या लागतात. आभा क्रमांकामुळे अशा नोंदी मोबाईलवर पाहता येतात आणि डॉक्टरांना दाखवता येतात.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. बँकेचा पासवर्ड फुटला तर तो बदलता येतो. आजाराची माहिती एकदा भलत्या हाती गेली की ती परत घेता येत नाही. त्यामुळे ही सुविधा वापरताना कोणाला काय दाखवायचे, हे तुम्हीच ठरवायचे आहे.

आभा म्हणजे काय?

आयुष्मान भारत डिजिटल मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली आणि सहा केंद्रशासित प्रदेशांत ते प्रायोगिक स्वरूपात सुरू झाले. २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर लागू आहे. राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरण हे मिशन राबवते. या मिशनमध्ये नागरिकाला मिळणारे आरोग्य खाते म्हणजे आभा. त्याचा क्रमांक १४ अंकी असतो.

- आभा काढणे मोफत आणि ऐच्छिक आहे.
- आधार क्रमांक वापरून तो घरबसल्या काढता येतो. त्यासाठी आधारशी जोडलेला मोबाईल जवळ हवा, कारण ओटीपी त्यावरच येतो.
- स्वतः जमत नसेल तर सरकारी रुग्णालयातील नोंदणी कक्षात मदत घ्या.
- आभा नाही म्हणून उपचार नाकारता येत नाहीत.
- नको असल्यास खाते तात्पुरते बंद करता येते किंवा कायमचे काढून टाकता येते.

आभा आणि आयुष्मान कार्ड एकच नाही

या दोन गोष्टींत अनेकांची गल्लत होते आणि फसवणूक करणारे तिचाच फायदा घेतात. आयुष्मान कार्ड प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचे आहे. त्यावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत रुग्णालयातील उपचारांचे संरक्षण मिळते. आभावर कोणतीही रक्कम किंवा विमा मिळत नाही. ते फक्त नोंदींचे खाते आहे. "आभा काढा, ५ लाख मिळवा" असे कोणी सांगत असेल तर ते खोटे आहे.

नोंदी कुठे राहतात, कोण पाहू शकतो?

सगळ्यांच्या नोंदी एका जागी गोळा केल्या जात नाहीत. ज्या रुग्णालयात किंवा प्रयोगशाळेत नोंद तयार झाली, ती तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांना ती हवी असेल तर आभा ॲपवर तुमच्याकडे संमतीची विनंती येते. 'मंजूर' दाबण्यापूर्वी चार गोष्टी वाचा:

१. माहिती कोण मागत आहे?
२. कशासाठी मागत आहे?
३. कोणत्या नोंदी आणि कोणत्या काळातील?
४. ही परवानगी किती दिवस राहणार?

गुडघ्याच्या दुखण्यासाठी गेला असाल तर दहा वर्षांपूर्वीच्या सगळ्या नोंदी दाखवण्याची गरज नसते. नोंदी आणि कालावधी कमी करून संमती देता येते, विनंती नाकारता येते आणि दिलेली संमती नंतर मागेही घेता येते.

रुग्णालयातील क्यूआर कोड स्कॅन करून केसपेपरसाठी नोंदणी करण्याची सोयही अनेक ठिकाणी आहे. त्यात नाव, वय, पत्ता यांसारखी माहिती कक्षाकडे जाते आणि टोकन मिळते. हा कोड नोंदणी कक्षाजवळ अधिकृतपणे लावलेलाच वापरा. नोंदणीच्या नावाखाली पैसे भरण्याचे पान उघडले तर तिथेच थांबा आणि कक्षात विचारा.

ऑनलाइन डॉक्टरांचा सल्ला

ईसंजीवनी ही सरकारची मोफत दूरवैद्यकीय सेवा आहे. घरून मोबाईलवर किंवा जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरातील आरोग्य अधिकाऱ्याच्या मदतीने डॉक्टरांशी बोलता येते. इतर कोणाकडून ऑनलाइन सल्ला घेताना डॉक्टरांचे नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक आहे. छातीत दुखणे, श्वास लागणे, शुद्ध हरपणे अशा वेळी ऑनलाइन सल्ल्याची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठा.

फसवणूक कशी होते?

- "तुमचे कार्ड आज बंद होणार" असा फोन येतो आणि ओटीपी मागितला जातो.
- इंटरनेटवर रुग्णालयाचा खोटा नंबर टाकलेला असतो. फोन केल्यावर अपॉइंटमेंटसाठी पाच-दहा रुपये भरण्याची लिंक पाठवली जाते आणि त्यातून बँक खात्याची माहिती काढली जाते.
- व्हॉट्सॲपवर एपीके फाईल येते. ती उघडताच मोबाईलवरील संदेश समोरच्याला दिसू लागतात.
- मदत करण्याच्या निमित्ताने स्क्रीन शेअर करणारे ॲप टाकायला सांगितले जाते.

ओटीपी म्हणजे तुमची सही समजा. फोनवरून तो कोणालाही सांगू नका. रुग्णालयाचा नंबर केसपेपरवरून किंवा रुग्णालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्या.

रोजच्या वापरातली काळजी

- झेरॉक्सच्या दुकानात अहवालाची प्रिंट काढल्यावर तिथल्या संगणकातील आणि व्हॉट्सॲपमधील फाईल समोर उभे राहून पुसून घ्या.
- अहवाल किंवा आधार कार्डाचा फोटो कुटुंबाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका.
- आई-वडिलांचे आभा खाते तुम्ही काढून दिले असेल, तर संमतीची विनंती आल्यावर त्यांना विचारूनच मंजूर करा.
- मोबाईलला स्क्रीन लॉक ठेवा. सिम बदलल्यास आभा आणि आधारमधील नंबरही बदला.
- महत्त्वाच्या अहवालांची एक छापील प्रत घरी ठेवा. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला, तेव्हा रुग्णनोंदणी आणि प्रयोगशाळेची कामे काही दिवस हाताने करावी लागली होती. अशा वेळी जवळची फाईलच उपयोगी पडते.

फसवणूक झाल्यास काय करावे?

१. पैसे गेल्यास लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखली जाण्याची शक्यता जास्त. व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि बँकेचे नाव हाताशी ठेवा.
२. बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करा.
३. राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवा. संदेश आणि स्क्रीनशॉट पुसू नका.
४. पैसे गेले नसले तरी संशयास्पद फोनची माहिती संचार साथी पोर्टलवरील 'चक्षू' सुविधेत द्या.
५. आभा ॲपमध्ये जाऊन दिलेल्या संमती तपासा आणि अनोळखी संमती रद्द करा.

ओटीपी सांगून बसलो म्हणून लाज वाटून गप्प राहू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून असे झाले तर त्यांना रागावण्यात वेळ न घालवता आधी १९३० ला फोन करा. आयुष्मान कार्डाबाबत शंका असल्यास १४५५५ या क्रमांकावर विचारता येते.