सरोवरकांठचे माया लोक

श्रोतेहो, इतिहासाच्या शालेय पुस्तकांत माया लोकांचें प्रकरण बहुधा ओसाड देवळांपाशीं येऊन संपतें. अरण्यांत बुडालेलीं नगरें, पाषाणावरील चित्रलिपि आणि ‘लुप्त’ हें एक विशेषण, एवढ्यावर विद्यार्थ्याची बोळवण होते. परंतु ज्यांचे वंशज आजहि लाखोंनीं नांदत आहेत व पूर्वजांच्याच भाषा घरीं बोलत आहेत, त्यांना लुप्त कसें म्हणावें? या लोकांनीं आपलें स्वत्व कसें राखलें, याचें उत्तर ग्वातेमालांतील एका सरोवरकांठच्या गांवीं सांपडतें. आज आपण तेथें जाऊं.

ग्वातेमालाच्या डोंगराळ मुलखांत, समुद्रसपाटीपासून ५,००० फुटांहून अधिक उंचीवर, अतितलान नांवाचें सरोवर आहे. सुमारें ८०,००० वर्षांपूर्वीं एका प्रचंड ज्वालामुखीचा स्फोट होऊन जी कढई मागें राहिली, तींत पाणी सांठून तें बनलें. त्याची खोली १,००० फुटांहून अधिक असून दक्षिणेस तोलिमान, अतितलान व सान पेद्रो हे तीन ज्वालामुखी पहारेकऱ्यांसारखे उभे आहेत. उत्तर तीरावरील पानाहाचेल गांवाहून बोटीनें निघावें, तेंहि सकाळींच. कारण दुपारीं ‘शोकोमिल’ नांवाचा वारा सुटून पाणी खवळतें. पलीकडे या पर्वतांच्या पायथ्याशीं सान्तियागो अतितलान हें गांव लागतें. तेथील वस्ती मुख्यतः त्सुतुहिल माया लोकांची आहे.

या लोकांची जुनी राजधानी समोरच्या खाडीपलीकडे, सान पेद्रोच्या पायथ्याशीं होती. इ. स. १५२४ त पेद्रो दे आल्वारादो या स्पॅनिश सरदारानें शेजारच्या काक्चिकेल लोकांस हाताशीं धरून ती जिंकली. पुढें त्याच शतकांत फ्रान्सिस्कन पाद्र्यांनीं लोकांना आजच्या ठिकाणीं वसविलें व भव्य चर्च उभारलें. वरवर पाहतां जुन्या धर्माचा तेथेंच अंत व्हावयास हवा होता. परंतु तसें घडलें नाहीं.

ख्रिस्ती संतांच्या सेवेसाठीं ‘कोफ्रादिया’ नांवाचीं मंडळें स्थापण्याची रीति स्पॅनिश लोकांनीं आपल्या देशाहून आणली. त्सुतुहिलांनीं ती स्वीकारली, आणि तिच्या कवचांत आपले जुने देव सुरक्षित ठेवले. प्रत्येक मंडळाच्या मूर्ति गांवांतील एखाद्या गृहस्थाच्या घरीं वर्षभर मुक्कामास असतात. त्यांच्या सेवेचा खर्च व शीण तो सोसतो, आणि त्या बदल्यांत त्यास मान मिळतो.

या देवतांत सर्वांत विलक्षण म्हणजे ‘रिलाह माम’, अर्थात् पूज्य आजोबा. बाहेरचे लोक त्यास ‘माशिमोन’ म्हणतात. आपल्याकडील पांगाऱ्याच्याच कुळांतील एका झाडाच्या लांकडाची ही मूर्ति. डोक्यावर टोपी, गळ्यांत रंगीबेरंगी रुमाल आणि तोंडांत चिरूट! तिच्यापुढें मेणबत्त्या लावतात, राळेसारख्या कोपालचा धूप जाळतात, मद्य अर्पण करतात आणि आजार, प्रवास, विवाह अशीं गाऱ्हाणीं घालतात. ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहांत ही मूर्ति मिरवीत नेऊन चर्चजवळच्या लहानशा देवडींत टांगतात. १९५० सालीं एका पाद्र्यास हें असह्य होऊन मोठा तंटा झाला व मूर्तीचा एक मुखवटा नाहींसा झाला. तो पॅरिसच्या एका संग्रहालयांत जाऊन पडला आणि १९७९ त गांवास परत मिळाला.

अशा आघातांतून परंपरा टिकते कशी? त्सुतुहिल भाषेंत ‘हालोह केशोह’ असा एक शब्दप्रयोग आहे. त्याचा आशय असा कीं, एकच जीव वाढतांना रूप पालटतो, आणि एक पिढी गेली कीं दुसरी तिची जागा घेते. मक्याचा दाणा मातीत जातो व कणसाच्या रूपानें परत येतो, तसाच आजोबा नातवांत परत येतो. ‘माम’ या एकाच शब्दानें आजोबा व नातू दोघांचाहि बोध होतो, हें ध्यानांत घ्यावें. नातवास आजोबांचें नांव ठेवणाऱ्या आपल्या घरांना ही कल्पना परकी वाटूं नये. जी परंपरा बदल हाच आपला नियम मानते, तिला परक्या धर्माच्या वस्त्रांचें भय कसलें?

पण श्रोतेहो, खरी कसोटी पुढेंच होती. १९६० पासून १९९६ पर्यंत ग्वातेमालांत यादवी युद्ध चाललें. त्यांत दोन लाखांहून अधिक माणसें मारलीं गेलीं अथवा बेपत्ता झालीं, आणि त्यांत बहुसंख्य माया होते. ओक्लाहोमाहून १९६८ त आलेले पाद्री स्टॅन्ली रोदर यांनीं त्सुतुहिल भाषा शिकून घेतली होती. भूकंपानें खचलेल्या चर्चची वेदी त्यांच्याच काळांत गांवच्या चावेझ बंधूंनीं पुन्हां कोरली, आणि तिला पवित्र पर्वताचें रूप देऊन त्यावर चढणारे कोफ्रादियाचे मानकरी दाखविले. ज्या चर्चनें जुने देव हुसकावण्याचा यत्न केला, त्याच्याच वेदीवर ते मानानें चढले! २८ जुलै १९८१ रोजीं रोदर यांची त्यांच्या निवासांतच हत्या झाली. देह मायदेशीं गेला, पण हृदय गांवकऱ्यांनीं आपल्या चर्चमध्यें ठेवून घेतलें.

२ डिसेंबर १९९० रोजीं लष्करी तळासमोर जमलेल्या निःशस्त्र गांवकऱ्यांवर गोळ्या झाडण्यांत आल्या. १३ जण ठार झाले, त्यांत मुलेंहि होतीं. गांवानें शस्त्र उचललें नाहीं. हजारोंनीं सह्या व अंगठे दिले, आणि सरकारास तेथून सैन्य काढून घ्यावें लागलें.

आज तेथें नवे ख्रिस्ती पंथ बळावले आहेत व कोफ्रादियांत बसणारे कमी झाले आहेत. तरी आजोबांची मूर्ति एका घरांतून दुसऱ्या घरीं जातच आहे. देवळाचे दगड ढासळले म्हणजे लोक संपले, असा निष्कर्ष इतिहासाच्या विद्यार्थ्यानें काढूं नये. पुढचें वर्ष देवाला आपल्या घरीं ठेवून घेण्यास कोणी उभा राहतो कीं नाहीं, तें आधीं पाहावें.