चित्राखालची सही आणि ट्रम्पेटवाल्याचं नाव

मंडळी, विषय जॅझचा आणि चित्रप्रदर्शनांचा, आणि व्याख्यान वर्ध्यात. म्हणून सुरुवात दारूबंदीपासून करतो. आपला जिल्हा १९७० च्या दशकापासून कोरडा आहे, निदान कागदावर तरी. मुंबईत त्याच्या पाव शतक आधी, १९४९ च्या कायद्यानं दारूबंदी आली आणि मोठ्या हॉटेलांमधल्या नाचगाण्याच्या रात्री ओसरू लागल्या. तिथे जॅझ वाजवणारे पुष्कळसे गोव्याचे. काही जण आधीपासून सिनेमात वाजवत होतेच. आता बाकीचेही पोटासाठी स्टुडिओंकडे वळले.

त्यातला एक आंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६, बार्देस तालुक्यातलं हळदोणे गाव. लुई आर्मस्ट्राँग हा त्याचा आदर्श, आणि मुंबईनं त्याला ओळखलं ते चिक चॉकलेट या नावानं. १४ ऑगस्ट १९४७ च्या रात्री ताजमध्ये जे दोन बँड वाजत होते, त्यांतला एक त्याचा, दुसरा मिकी कोरियाचा.

आता त्याच बार्देसमधला दुसरा माणूस बघा. साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा. त्यानं आणि मित्रांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सहा जण: सूझा, रझा, आरा, हुसेन, बाकरे आणि गाडे. यातले हरी अंबादास गाडे आपल्या शेजारचे, अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचे. रझाही नागपूरच्या कलाशाळेत शिकलेले. जुलै १९४९ मध्ये रॅम्पार्ट रोवरच्या बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात त्यांचं प्रदर्शन भरलं, उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केलं. ताजपासून ही जागा पायी दहा-पंधरा मिनिटांवर.

म्हणजे शहर एक, वर्षं तीच. पण प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारी चिठ्ठी असते: नाव, साल, माध्यम. (मला तर आधी चिठ्ठी वाचायची आणि मग चित्र बघायची वाईट खोड आहे.) सूझांची चित्रं आज कोटींत जातात. ट्रम्पेटवाल्याला अशी चिठ्ठी कोण लावणार?

स्टुडिओत काम कसं चालायचं ते जरा सावकाश सांगतो, कारण खरी गोम तिथे आहे. संगीतकार चाल गाऊन दाखवायचा. ती तीस-चाळीस वादकांकडून वाजवून घ्यायची तर प्रत्येकासाठी वेगळा कागद हवा, पाश्चात्त्य स्वरलिपीत. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना ही लिपी लहानपणीच शिकवत. त्यामुळे गाण्याची सुरुवात, कडव्यांमधले तुकडे, कुठे सॅक्सोफोन आणि कुठे व्हायोलिन, हे पुष्कळदा गोवेकर अरेंजर लिहीत. पडद्यावर नाव मोठं यायचं संगीतकाराचं. अरेंजरचं आलंच तर सहायक म्हणून. वादकांचं बहुधा नाहीच.

यावर कुणी म्हणेल, त्यात काय एवढं? आपल्या मगन संग्रहालयात, जे १९३८ साली गांधीजींच्या हस्ते उघडलं, तिथे आपण चरखा पाहतो. तो कुठल्या सुतारानं घडवला हे विचारत नाही. बरोबर. पण चरखा पुन्हा तसाच घडवता यावा, गावोगावी घडवला जावा, हीच त्यामागची इच्छा. जॅझवाल्याचं उलटं असतं. तो आज जे वाजवतो ते उद्या तसंच वाजवणार नाही. त्या घटकेला सुचलेलं तेच त्याचं काम. चित्रकाराच्या रेषेइतकं ते त्याचं स्वतःचं आहे. स्टुडिओनं मात्र त्याला रोजावरचा कारागीर धरला. हा अन्याय होता असं मी स्पष्ट म्हणतो, जरी त्या रोजावरच कित्येक घरं चालली.

एक अपवाद मात्र हाताशी आहे. संगीतकार सी. रामचंद्र, पुणतांब्याचे, काही काळ नागपुरात गाणं शिकलेले. चिक त्यांच्याबरोबर काम करायचा. त्यांच्या १९५१ च्या 'अलबेला'त एका गाण्यात चिक आणि त्याचा बँड चक्क पडद्यावर दिसतात, झालरीच्या बाह्यांचे कपडे घालून. चिक १९६७ मध्ये गेला.

तेच गाणं आता लावतो. भगवानदादा नाचतील, गीताबाली नाचेल. तुम्ही जरा मागे बघा.