३०० डॉलरची काच

७ फेब्रुवारी २०१२ रोजी निकॉनने एकाच दिवशी दोन कॅमेरे जाहीर केले. बॉडी तीच, बटणं तीच, सेन्सरही तोच: ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, ३६.३ मेगापिक्सेलचा. डी८०० अमेरिकेत ३,००० डॉलरला आणि डी८००ई त्याहून ३०० डॉलरने महाग. जादा पैसे मोजून कॅमेऱ्यात नवं काहीच मिळत नव्हतं. आतल्या एका काचेचं काम तेवढं रद्द करून मिळत होतं. एवढ्या भांडवलावर फोटोग्राफर मंडळींनी पुढची दोन-अडीच वर्षं काढली. या जुळ्यांनी टिपलेल्या विटांच्या भिंती, पक्ष्यांची पिसं, कापडाची वीण शेजारी-शेजारी लावून वाद घालणं हा एक उद्योगच होऊन बसला.

ही काच तिथे आली कशी? सेन्सरला रंग कळत नाहीत, उजेड किती एवढंच कळतं. त्यावर कोडॅकचे ब्राइस बायर यांनी काढलेल्या तोडग्याचं पेटंट १९७६ सालचं आहे. प्रत्येक पिक्सेलवर एकाच रंगाचा बारीकसा फिल्टर बसवायचा. दर चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरायचे. हा अंदाज सहसा चांगला जमतो. तो फसतो ते बारीक आणि नेमाने येणाऱ्या रेघांवर. टीव्हीवरच्या निवेदकाने बारीक चौकडीचा शर्ट घातला की त्यावर लाटा पळताना दिसतात, तोच हा मोआरे. डिजिटल फोटोत त्याला रंगही चढतो आणि नवरीच्या रेशमी साडीवर कुणी न विणलेले हिरवट-जांभळे पट्टे उमटतात.

उपाय म्हणून सेन्सरपुढे लो-पास फिल्टर आला. किरण दुभंगणाऱ्या स्फटिकाच्या दोन पातळ चकत्या त्यात असतात. एक किरणाला आडवं फोडते, दुसरी उभं, आणि एका बिंदूचे अगदी जवळजवळचे चार बिंदू होतात. म्हणजे महागड्या लेन्सने काटेकोर आणून दिलेलं चित्र सेन्सरच्या दारात मुद्दाम किंचित मऊ करायचं. शार्पनेसवर जीव टाकणाऱ्यांना हे सलणारच.

ही ठसठस जुनी होती. सप्टेंबर २००२ मध्ये कॅननने ११.१ मेगापिक्सेलचा ईओएस-१डीएस आणला, सुमारे ८,००० डॉलरला, फिल्टरसह. त्याच महिन्यात कोडॅकने डीसीएस प्रो १४एन जाहीर केला: जवळजवळ १४ मेगापिक्सेल, किंमत ५,००० डॉलरच्या घरात, आणि फिल्टर नाही. कागदावर कोडॅकची बाजी होती. प्रत्यक्षात बारीक तपशिलाभोवती रंगीत किनारी दिसू लागल्या, आयएसओ जरा वाढवला की दाणे उठू लागले, आणि २००५ मध्ये कोडॅकने या धंद्यातून अंग काढून घेतलं. तरी ‘फिल्टर शार्पनेस खातो’ ही समजूत टिकली. २००९ मध्ये लायकाच्या एम९ने फिल्टरशिवायच फुल-फ्रेम चित्रं देऊन तिला बळ दिलं.

निकॉनने मात्र डी८००ईमधून फिल्टर काढून टाकला नाही. सेन्सरपुढच्या काचेची जाडी बदलली की किरणांची वाट बदलते, मग बाकी रचनाही बदलावी लागते. त्यापेक्षा जाडी तीच ठेवली आणि चकत्यांची मांडणी अशी केली की पहिलीने फोडलेला किरण दुसरीने पुन्हा जोडावा. ३०० डॉलर या उलट्या कामाचे.

मग फरक किती दिसला? दिसला, पण अटींवर. डी८००चा एक पिक्सेल साधारण ४.९ मायक्रॉनचा. छिद्र एफ/१६ इतकं लहान केलं की विवर्तनामुळे प्रकाशबिंदूच २१ मायक्रॉनवर पसरतो, चार पिक्सेलांहून मोठा होतो. तिथे दोन्ही कॅमेरे सारखेच. हात हलला तरी सारखेच. निकॉनच्या स्वतःच्या तांत्रिक पुस्तिकेत ट्रायपॉड, आरसा आधीच उचलून ठेवणं आणि निवडक लेन्स यांची शिफारस होती. एवढं सगळं पाळून, एफ/५.६च्या आसपास टिपलेल्या फोटोत डी८००ई पुढे दिसे. तेव्हाही डी८००च्या फाइलला संगणकावर थोडं जास्त शार्पनिंग दिलं की अंतर बरंचसं मिटत असे. शिवाय १९२० बाय १०८० च्या पडद्यावर पूर्ण आकारात बघताना एका वेळी चित्राचा जेमतेम सतरावा भाग दिसतो. भांडणं त्या तुकड्यावर चालली होती.

गंमत म्हणजे खरी दरी दुसरीकडेच होती. सेन्सर तपासून गुण देणाऱ्या फ्रान्सच्या डीएक्सओमार्कने डी८००ला ९५ आणि डी८००ईला ९६ गुण दिले. २०१२च्याच वसंतात आलेल्या २२.३ मेगापिक्सेलच्या कॅनन ५डी मार्क ३ ला ८१. सावल्या उजळवताना ही तफावत पडदा कोणताही असो, लेन्स कोणतीही असो, लगेच दिसे. निकॉनची डायनॅमिक रेंज त्यांच्या मोजणीत १४ स्टॉपच्या वर, कॅननची १२च्या खाली. एका गुणावर खडाजंगी झाली ती मात्र जुळ्यांमध्ये.

निकालही निकॉननेच लावला. जून २०१४ मध्ये दोन्हींच्या जागी एकच डी८१० आला, फिल्टरविना. वर्षभरात कॅननने तोच खेळ पुन्हा मांडला: फेब्रुवारी २०१५ मध्ये ५०.६ मेगापिक्सेलचे ५डीएस आणि ५डीएस आर, दुसऱ्यात फिल्टरचा परिणाम रद्द, किंमत २०० डॉलर जास्त. त्याच वर्षी सोनीच्या आरएक्स१आर मार्क २ मध्ये विजेवर चालू-बंद होणारा फिल्टर आला. जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यांत निकॉन फिल्टरकडे परत गेला नाही. २०१८चा ४५.७ मेगापिक्सेलचा झेड७ फिल्टरशिवायच निघाला. कॅननने मात्र २०२० मध्ये ४५ मेगापिक्सेलच्या ईओएस आर५ मध्ये लो-पास फिल्टर ठेवला, आणि बिनफिल्टरचं भावंड काही बाजारात आणलं नाही.