दवाखाना

मिरज स्टेशनावर उतरलेला मराठी पेशंट 'दवाखाना' विचारतो, कानडी 'दवाखाने'. अरबी 'दवा' म्हणजे औषध, फारसी 'खाना' म्हणजे घर. 'दवादारू'तली दारूसुद्धा फारसीत औषधच. मराठीत तिनं गुत्ताही गाठला आणि तोफखानाही! एकट्या 'दवा'ला आपण फारसं जवळ केलं नाही, गोळी असो की काढा, 'औषध'च म्हणतो. मिशनरी डॉ. वॉन्लेस यांनी १८९४मध्ये मिरजेत उभारलेलं हॉस्पिटल लोकांच्या तोंडी नुसतं 'मिशन' झालं. सातारा-सांगलीत मोठं सरकारी ते 'सिव्हिल', गल्लीतल्या डॉक्टरांचा तो दवाखाना, गुरांचाही दवाखानाच. बोलण्यात तर या शब्दाला चार भिंतीही लागत नाहीत. "औंदा उसाचं बिल सगळं दवाखान्यात गेलं," म्हणजे घरातल्या आजारपणात.