चिकलठाण्याची धावपट्टी आणि बीड रस्ता

२६ एप्रिल १९९३ रोजी दुपारी एकच्या सुमारास औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, चिकलठाणा विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सच्या ४९१ क्रमांकाच्या विमानाने मुंबईसाठी उड्डाण केले. दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत आलेल्या या बोइंग ७३७ विमानात ११२ प्रवासी आणि ६ कर्मचारी होते. उड्डाणानंतर काही क्षणांतच ते कोसळले. ५५ जण मृत्युमुखी पडले. वाचलेल्या ६३ जणांत दोन्ही वैमानिक होते.

धावपट्टीवर ठरावीक वेग येताच वैमानिकाने विमानाचे नाक उचलायचे असते. तिथे उशीर झाला की उरलेली धावपट्टी भराभर संपते. त्यात मराठवाड्यातला एप्रिल. तापलेली हवा विरळ होते, पंखांना उचल कमी मिळते आणि विमानाला जास्त धावावे लागते. त्या दुपारी विमानाने जमीन सोडली ती जवळजवळ धावपट्टीच्या टोकाशी.

टोकापलीकडे बीड रस्ता होता आणि त्यावरून कापसाच्या गाठींनी भरलेला एक मालट्रक चालला होता. या परिसरातल्या रस्त्यावर असा ट्रक दिसणे अगदी नित्याचे. प्रेसिंगमध्ये दाबून बांधलेली गाठ मात्र दगडासारखी कठीण असते. विमानाच्या डाव्या बाजूची चाके आणि डाव्या इंजिनाचा खालचा भाग जमिनीपासून सुमारे सात फुटांवर ट्रकला जोरात धडकला. जायबंदी विमान तसेच पुढे गेले, सुमारे तीन किलोमीटरवर उच्चदाबाच्या विद्युततारांना अडकले आणि जमिनीवर आपटून पेटले.

चौकशीत दोन कारणे ठरली. एक, वैमानिकांनी नाक उशिरा आणि चुकीच्या पद्धतीने उचलले. दुसरे, विमानांच्या वेळेत बीड रस्त्यावरची वाहतूक नियंत्रित करण्यात राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण अपयशी ठरले.

विमान पडले की वैमानिक शुद्धीत होता का, हा प्रश्न लोकांच्या मनात आधी येतो, आणि तो गैर नाही. मद्य, झोपेचा अभाव, आजार किंवा औषधाची गुंगी यांमुळे वैमानिकाचा निर्णय काही सेकंदांनी लांबतो, आणि उड्डाणात तेवढे सेकंदच हाती असतात. भारतात विमान नियम, १९३७ नुसार उड्डाणापूर्वी १२ तास मद्य वर्ज्य आहे. अमेरिकेत ही मुदत ८ तासांची आहे. औरंगाबादच्या अपघाताच्या कारणांत मात्र नशेचा उल्लेख नाही. इथे चुकले ते उड्डाणाचे तंत्र. श्वासचाचणीत अशी चूक सापडत नाही. ती सरावाने आणि कडक तपासणीनेच आटोक्यात येते.

तरीही सारा दोष वैमानिकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ट्रकची धडक बसली तेव्हा विमान हवेत होते. उड्डाणाच्या वेळी काही मिनिटे बीड रस्ता अडवला असता, तर ते उशिरा उचललेले विमानही कदाचित मुंबईला पोहोचले असते.