दुसऱ्या झिपची कुळकथा

जुन्या अँड्रॉइड फोनवर लिनिएजओएस ही पर्यायी प्रणाली टाकायला बसलं, की एक गोष्ट नवख्याला हमखास खटकते. अख्खी प्रणाली एका झिप फाइलमध्ये असते, पण प्ले स्टोअर आणि गूगलची बाकीची अ‍ॅप हवी असतील तर दुसरी झिप वेगळी शोधून, फोन पहिल्यांदा सुरू करण्याआधीच फ्लॅश करावी लागते. एकत्रच का देत नाहीत? कारण २००९ साली एक भांडण झालं होतं.

पण आधी थोडं मागे. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेरिकेत पहिला अँड्रॉइड फोन, जी-वन, विकायला आला. त्याला सरकता कळफलक होता. काही आठवड्यांतच लोकांच्या लक्षात आलं, की त्यावर ‘रीबूट’ टाइप करून एंटर दाबलं तर फोन खरोखरच रीबूट होतो! पडद्याआड सर्वाधिकार असलेला रूट शेल चालू होता, आणि दाबलेली प्रत्येक कळ गुपचूप त्याच्याकडेही जात होती. गूगलने आरसी-३० या अपडेटमध्ये हे भगदाड बुजवलं. मग हौशी मंडळी मुद्दाम जुनी आरसी-२९ परत टाकून फोन रूट करू लागली.

रूट मिळालं तसे रॉमही, म्हणजे फेरफार केलेल्या अँड्रॉइड प्रणालीही, निघाले. आधी ‘जीझसफ्रीक’ या टोपणनावाने काम करणाऱ्याचे गाजले, मग स्टीव्ह कॉन्डिकचा सायनोजेनमॉड. कॉन्डिक आपल्या रॉममध्ये जीमेल, मॅप्स, यूट्यूब, मार्केट (तेव्हाचं अ‍ॅपचं दुकान) सगळं घालूनच देत असे. अँड्रॉइडचा गाभा मुक्तस्रोत असला तरी ही अ‍ॅप गूगलच्या मालकीची. सप्टेंबर २००९ मध्ये ती वाटणं थांबवा अशी गूगलची नोटीस आली. त्यावर निघालेली तोड मला अस्सल वकिली वाटते: ही अ‍ॅप फोनसोबत तुम्हाला मिळालेलीच आहेत ना? मग रॉम टाकण्यापूर्वी ती बाजूला काढा, नंतर परत बसवा. दुसऱ्या झिपचा उगम हा.

नोटिशीने सायनोजेनमॉड मेला नाही. जी-वनला अधिकृतपणे अँड्रॉइड १.६ पर्यंतच मजल मारता आली. सायनोजेनमॉडने त्याच फोनवर २.२ चालवून दाखवलं.

त्याला संपवलं ते धंद्याने. २०१३ मध्ये सायनोजेनमॉडची कंपनी निघाली, २०१४ मध्ये वनप्लस वनवर तीच प्रणाली आली. भारतातले हक्क मात्र मायक्रोमॅक्सच्या यू ब्रँडला दिले गेले आणि वाद दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. डिसेंबर २०१६ मध्ये कंपनीने सेवा बंद केल्या. स्वयंसेवकांनी तोच कोड उचलून लिनिएजओएस या नावाने काम पुढे चालू ठेवलं.

नोटिशीचा धडा मात्र त्यांनी सोडला नाही, झिप दोनच राहिल्या. आता तर दुसरी टाकूनही फोन सुरू करणारा बूटलोडर उघडा (अनलॉक केलेला) दिसला की बँकांची काही अ‍ॅप चालायला नकार देतात. त्यामुळे काही जण ती टाकतच नाहीत. थकलेल्या फोनवरचा तेवढाच भार कमी.