काखेत कळसा

दिवाळीच्या फराळापुढे पोटाच्या दुखण्याची गोष्ट काढणे फारसे शिष्टसंमत नाही, हे मी जाणतो. तथापि शंकरपाळ्यांचे ताट दिसले की गव्हाचा एक इतिहास मला आठवतोच. वाचकांनी तेवढी मुभा द्यावी.

१८८८ साली लंडनच्या डॉ. सॅम्युअल गी यांनी लहान मुलांच्या एका विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मूल खाते, पण अंगी लागत नाही. जुलाब होतात आणि ते वाळत जाते. हा विकार बरा झालाच तर पथ्यानेच होईल, असे गींनी बजावले. निदान केवढे अचूक! परंतु त्यांनी भात आणि साबुदाणा वर्ज्य केला, आणि खरपूस भाजलेला पाव मात्र चालू ठेवला.

१९२४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. सिडनी हास यांनी अशा मुलांना केळी खाऊ घातली व पाव बंद केला. मुले सुधारली. श्रेय मिळाले केळ्यांना!

पुढे हॉलंडमधील बालवैद्य विलेम डिके यांना एका आईने सांगितले, पाव बंद केला की मुलाला बरे वाटते. डिके यांनी ते हसण्यावारी नेले नाही. १९४४-४५ च्या हिवाळ्यात, महायुद्धामुळे हॉलंडात पाव दुर्मीळ झाला, तेव्हा त्यांचा संशय बळावला. १९५० साली त्यांनी प्रबंधात गव्हाचा दोष सप्रमाण मांडला. गींच्या वर्णनानंतर बासष्ट वर्षांनी!

या विकाराला सीलिअॅक म्हणतात. कणकेला चिकटपणा देणाऱ्या ग्लूटेनमुळे शरीराची संरक्षक शक्ती स्वतःच्याच आतड्यावर उलटते. आज रक्ताची तपासणी आहे, तरी विलंब संपलेला नाही. कारण पुष्कळदा पोट तक्रार करीतच नाही. दिसतो तो पंडुरोग, खुंटलेली उंची, न जाणारा थकवा. लोहाच्या गोळ्या चालू राहतात आणि वर्षे निघून जातात. दुसरी अडचण अशी, की तपासणीपूर्वीच गहू सोडला तर ती फसवी ठरू शकते.

मला वाटते, या विलंबाचे मूळ अज्ञानात जितके, तितकेच विश्वासात आहे. रोजच्या घासावर संशय घ्यायचा कोणी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

म्हणून पथ्यावरचे एखादे पोर करंजी नको म्हणाले, तर ‘एकीने काय होते?’ असा आग्रह धरू नये. वेगळ्या तुपात तळलेले तांदळाचे अनारसे त्याच्यापुढे ठेवावेत. त्याचीही दिवाळी गोड होईल.